विष कुणी घातलं ते नंतर, आधी दिवस मोजू

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. पाचवीतल्या मुलानं संक्रांतीनंतर शाळेमागच्या कुत्रीचं दीड महिन्याचं पिल्लू घरी आणलं, शेरू नाव ठेवलं. दवाखान्यात नेऊन ‘कुत्र्याची सुई’ही टोचून आणली. बारा-तेरा दिवस चांगले गेले. मग एका मंगळवारी सकाळी शेरूनं दुधाला तोंड लावलं नाही. रात्री पांढरा फेस ओकला, नंतर पिवळं पाणी. बुधवारी गावात जनावरांना इंजेक्शन देणाऱ्याला बोलावलं, त्यानं जंत म्हणून औषध दिलं. गुरुवारी रक्ताची संडास सुरू झाली, ओट्यावर थांबवेना इतका वास. शुक्रवारी पहाटे शेरू गेला.

सोमवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी त्याला दूध-भाकर घातली होती. त्याच काकू आठवडाभर आधी, ताडपत्रीवर वाळत घातलेल्या तुरीत त्यानं घाण केली म्हणून, ‘एक दिवस घालते याला काहीतरी’ असं चिडून म्हणाल्या होत्या. ताईंच्या यजमानांची खात्री आहे की हे विषच. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, काकूंचं जर्मनचं ताट अजून ताईंच्या ओट्यावर तसंच पडून आहे, पोलिसात जायची भाषा चाललीय. सासूबाई म्हणतात, ‘आपल्या घराला कुत्रं लाभंना.’ आणि अंबाजोगाईकडचा भाऊ पुढच्या आठवड्यात भाच्यासाठी चाळीस दिवसांचं नवीन पिल्लू घेऊन येतोय. तक्रार द्यावी का, पिल्लू आणावं का, आणि हा रोग असलाच तर लेकराला नि शेळ्यांना काही होईल का, हे ताईंचे प्रश्न.

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातली तीन पानं काकूंवर खर्च झालीत. शेरूच्या आजारपणाला उरलं एक पान. ते मी तीनदा वाचलं. त्यात दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. एक, ‘त्याच्या पाठची दोन पिल्लं आधीच मेली होती, म्हणून पोराला दया आली.’ दुसरं, ‘रोज संध्याकाळी तो त्याला त्याच्या आईला भेटवायला शाळेमागं न्यायचा.’ माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन ओळींत आहे, दूध-भाकरीत नाही.

जरा मागं मोजत जाऊ. शेरूनं खाणं सोडलं मंगळवारी. पार्व्हो नावाचा एक विषाणू कुत्र्याच्या तोंडावाटे आत गेला की साधारण तीन ते सात दिवसांनी आजार दिसायला लागतो, कधी कधी दोन आठवडेही लागतात. म्हणजे आपल्याला सोमवारची संध्याकाळ बघायची नाही, त्याच्या आधीचा आठवडा बघायचा आहे. त्या आठवड्यात शेरू रोज कुठं जात होता? जिथं त्याची दोन भावंडं मेली, त्याच मातीत. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून हा विषाणू अफाट संख्येनं बाहेर पडतो, आणि विष्ठा वाळून मातीत मिसळली तरी तो तिथंच महिनोन् महिने तग धरतो. पिल्लू जमीन हुंगतं, पाय चाटतं, तेवढं पुरतं. तपासणी झालेली नाही, त्यामुळे मी शिक्का मारत नाही. पण दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, या रोगाची लस नाही, भावंडं गेलेली, आधी मरगळ, मग उलटी, मग रक्ताची दुर्गंधी हगवण आणि चौथ्या दिवशी मृत्यू, हे ऐकून कुठलाही पशुवैद्य पहिलं नाव पार्व्होचंच घेईल.

विषाची चाल वेगळी असते. शेतात फवारायचं औषध पोटात गेलं तर काही मिनिटांत नाहीतर काही तासांत तोंडातून लाळेची धार लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं, झटके येतात. उंदीर मारायच्या काळ्या पावडरीनंही तासाभरात, फार तर दिवसभरात उलट्या आणि तडफड सुरू होते. उंदराचं दुसऱ्या जातीचं औषध, ज्यानं रक्त गोठत नाही, ते दोन ते पाच दिवसांनी परिणाम दाखवतं. यजमान नेमकं याच्यावर बोट ठेवतील, म्हणून सांगते. त्यात रक्त जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात, दम लागतो, पण त्याची सुरुवात सहसा अशी नसते. आधी दिवसभर मरगळ आणि उलट्या, मग सडका वास मारणारे जुलाब, हा क्रम त्याचा नाही. आणि सोमवारी संध्याकाळी घातलेलं असं विष मंगळवारी सकाळीच पिल्लाला दुधावर रुसवत नाही.

हा विषाणू करतो काय, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उमगेल. शरीरात ज्या पेशी भराभर नव्या तयार होतात, त्याच त्याला लागतात. आतड्याच्या आत मखमलीसारखं अस्तर असतं, ते दर काही दिवसांनी नवं होत असतं. पार्व्हो त्या अस्तराची मुळं खातो. वरचं झिजतं, खालून नवं येत नाही, आतडं आतून सोलल्यासारखं होतं. त्यातून पाणी आणि रक्त बाहेर, आणि आतड्यातले जिवाणू रक्तात. त्याच वेळी तो हाडांच्या मगजातही घुसलेला असतो, तिथं पांढऱ्या पेशी तयार होतात. कणगीला भोक पडावं आणि त्याच रात्री राखणदारानं गाव सोडावं, तसं. पिल्लू मरतं ते पाणी तुटल्यानं आणि रक्तात विष भिनल्यानं. तुमच्या यजमानांचा ‘विष’ हा शब्द तेवढ्यापुरता खरा आहे, फक्त ते आतूनच तयार झालं.

सासूबाईंनी आणखी एक वाक्य म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या येळंला कुत्री अशी मरत नव्हती.’ त्यांना हसू नका. त्यांच्या लहानपणी हा रोग खरंच नव्हता. कुत्र्यांचा हा पार्व्हो जगाला कळला १९७८ मध्ये. मांजरांच्या अशाच एका विषाणूचा जवळचा नातलग कुत्र्यांना लागू झाला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काही नव्हतं, त्यामुळे तेव्हा मोठी कुत्रीही मेली. ऐंशीच्या दशकात तो आपल्याकडे पोचला. आज गावातली मोठी कुत्री त्यातून वाचलेली असतात म्हणून ठणठणीत दिसतात आणि मरतात ती सहा आठवडे ते सहा महिन्यांची पिल्लं. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या पावसाळ्याच्या अखेरीला माजावर येतात, दिवाळीच्या मागंपुढं विततात, आणि संक्रांत-शिमग्यापर्यंत गल्लोगल्ली बरोबर त्या वयाची पिल्लं असतात. ‘लाभत नाही’ ते घर नव्हे, तो हंगाम.

आता त्या सुईबद्दल. मला या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, कारण यात तुमची काही चूक नाही आणि तरी पिल्लू इथंच गेलं. आपल्याकडे ‘कुत्र्याची सुई’ म्हटलं की रेबीजची. कुत्रं माणसाला चावलं तर, या भीतीनं आपण ती देतो, सरकारी दवाखान्यात मिळते, कार्डावर शिक्का पडतो, आणि घरच्यांना वाटतं झालं, आता कुत्र्याला काही होत नाही. रेबीजची लस रेबीजपासूनच वाचवते. ती साधारण तीन महिन्यांनंतर द्यायची असते, शेरूला तर ती लवकरच दिली गेली. पार्व्होची लस वेगळी. मेडिकलवाले तिला ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात, त्यात पार्व्हो, डिस्टेंपर आणि आणखी काही रोग एकत्र असतात. ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असेलच असं नाही, बहुधा बाहेरून आणावी लागते, काही शे रुपये पडतात. आणताना बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. ती दोन ते आठ अंशांत राहावी लागते. परभणीच्या बस स्टँडपासून तुमच्या गावापर्यंत खिशात ठेवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं. ज्या दुकानात लाइट गेली की फ्रिज तासन् तास बंद असतो, तिथून घेऊ नका.

आणि ती एकदा देऊन भागत नाही. का, ते गाय-म्हैस पाळणाऱ्याला लवकर कळतं. वासराला पहिल्या दिवशी चीक पाजतो ना आपण? कुत्रीच्या पिल्लालाही आईच्या चिकातूनच पहिलं संरक्षण मिळतं. ते अंगात असेपर्यंत लस लागू होत नाही, आईचं संरक्षण लसीलाच मारतं. ते संपतं कधी, तर कुणाचं सहाव्या आठवड्यात, कुणाचं चौदाव्या-पंधराव्या. आणि त्यात एक वाईट फट असते. आईचं संरक्षण रोग अडवायला कमी पडतं, पण लस अडवायला पुरेसं असतं, असे काही दिवस जातात. त्या दिवसांत लस दिलेलं पिल्लूही मरू शकतं, आणि मग लोक म्हणतात लसच बोगस. म्हणून पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची कुठल्याही परिस्थितीत सोळा आठवडे पुरे झाल्यावर. त्यानंतर सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या सुमारास एक. त्या सोळा आठवड्यांच्या आधी थांबलेली लस म्हणजे अर्धवट शाकारलेलं छप्पर.

माझी एक गोष्ट सांगते. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या टेबलावर एक गोणपाट असायचं. त्यावर सकाळी एक रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू ठेवलं. गेल्यावर गोणपाट झटकलं, फिनेलचा बोळा फिरवला. दुपारी त्याच गोणपाटावर शेजारच्या गावातली तीन धडधाकट पिल्लं जंताच्या औषधासाठी आली. आठवड्यानं त्यांचा मालक आला तो एकटाच. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्यालाही वाटत होतं की कुणीतरी विष घातलं. मी त्याला खरं सांगायला चार दिवस घेतले.

फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर, यांनी पार्व्हो मरत नाही. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साबण-स्पिरिटला तो जुमानत नाही. त्याला मारतं क्लोरीन, आणि ते तुमच्या ग्रामपंचायतीत पोत्यानं पडलेलं असतं. टँकरच्या, विहिरीच्या पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर. दहा लिटरच्या बादलीत सत्तर ते शंभर ग्रॅम ताजी पावडर, तोंडाला फडकं बांधून, उघड्यावर कालवा. जुनी, वास उडालेली पावडर कामाची नाही. तुमच्या ओट्याला शहाबादी फरशी आहे असं तुम्ही लिहिलंय, ते नशीब. आधी साबणानं घासून सगळी घाण, केस, ओशट काढा, कारण घाणीत क्लोरीनचा जोर संपून जातो. मग हे पाणी टाका, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. फरशीच्या सांध्यांत जास्त ओता. या पाण्यात संडासाचं अॅसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नका, त्यातून निघणारा वायू माणसाला गुदमरवतो. शेरूचं पोतं, दोरी, त्याच्या तोंडातली ती चिंधीची बाहुली जाळा.

सारवलेल्या अंगणाचं मात्र तसं होत नाही. शेणमातीत टीसीएल ओतणं म्हणजे पावडर वाया घालवणं. वरचा थर खरवडून लांब पुरा, जागा उन्हाला उघडी ठेवा. मराठवाड्याचं ऊन पाहता तुम्हाला वाटेल, चैत्रात सगळं भाजून निघेल. उघड्यावरचं बऱ्यापैकी निघतं. पण शेरू झोपायचा कुठं? पाण्याच्या टाकीखाली. तिथं वैशाखातही सावली आणि ओल असते, आणि सावलीतल्या मातीत हा विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो. ही जागा डोक्यात ठेवा, नव्या पिल्लाच्या प्रश्नाला ती लागणार आहे.

मुलाला आणि शेळ्यांना भीती नाही. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही, शेळ्या-गुरांनाही नाही. मांजर असेल तर मात्र त्याला पार्व्होच्या काही प्रकारांपासून जपा. माणसाचा धोका वेगळाच आहे: आपण तो वाहून नेतो. चपलेच्या तळव्याला, पायजम्याच्या काठाला. तुमचा मुलगा मामाकडे पिल्लं बघायला जायचा हट्ट धरतोय म्हणता. जाऊ द्या, पण शाळेमागं फिरलेल्या चपला घालून नको. नाहीतर भाच्याच्या पायानं रोग अंबाजोगाईला पोचायचा.

आता जे वाचक अजून वेळेत आहेत, त्यांच्यासाठी थोडं लांबण लावते. लोक रक्ताची वाट बघतात. रक्त दिसेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात, आणि काही पिल्लांना शेवटपर्यंत रक्त पडतच नाही. पहिली खूण फार साधी असते: कालपर्यंत पायात लुडबुडणारं पिल्लू कोपरा धरतं, हाक मारली तर मान उचलून बघतं आणि परत ठेवतं. मग खाणं सुटतं. मग उलटी, आधी फेस, नंतर पिवळी. लस न झालेल्या पिल्लात एवढं दिसलं की त्याच दिवशी निघा. नाक कोरडं की ओलं, यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हळूहळू भरत असेल, हिरडी चिकट लागत असेल, खांद्यावरची कातडी चिमटीत उचलल्यावर तंबूसारखी उभी राहत असेल, तर पाणी तुटलंय. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर ताप. आणि ताप उतरून १०० च्या खाली गेला, कान-पाय गार लागले, तर ‘ताप उतरला’ म्हणून निवांत होऊ नका, तेव्हा तर जास्तच घाई करा.

जंतांनीही रक्त पडतं, गोचिडतापातही पडतं, उकिरड्यावरचं सडकं खाऊनही हगवण लागते. म्हणून तुमच्याकडे आलेल्या त्या माणसाला मी दोष देणार नाही, त्याचा अंदाज अगदीच उफराटा नव्हता. फरक करायला विष्ठेची पट्टीवरची तपासणी असते, दहा-पंधरा मिनिटांत होते. पट्टीवर नाही आलं तरी रोग नाहीच असं नसतं, फार लवकर केली तर चुकते. नुकतीच लस झाली असेल तर उलटही होऊ शकतं, म्हणून तारीख डॉक्टरांना सांगा.

विषाणूला मारणारं औषध सहसा हाताशी नसतं, आणि म्हणून ‘याला औषधच नाही’ असं गावात म्हणतात. हे वाक्य पिल्लांना मारतं. औषध नाही, उपचार आहे. पिल्लाला पाच-सहा दिवस जगवायचं, तोवर त्याच्याच अंगातून नव्या पेशी उभ्या राहतात. शिरेतून सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियम सांभाळणं. काही न करता सोडलेली बहुतेक पिल्लं मरतात, वेळेत उपचार मिळालेली बहुतेक वाचतात. खर्चाचं मला ठाऊक आहे. तूर विकायची बाकी असताना कुत्र्यासाठी चार दिवस परभणीत राहा, हे कुणाला सांगायला माझीही जीभ रेटत नाही. म्हणून हे सांगते: अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी चाळीस पिल्लांचे दोन गट केले. सुरुवातीला सगळ्यांनाच शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग वीस जणांना पूर्ण उपचार दिले, त्यातली अठरा वाचली. उरलेल्या वीस जणांना घरी करता येण्यासारखे स्वस्त उपचार दिले, चामडीखाली सलाईन आणि ठराविक इंजेक्शनं, त्यातली सोळा वाचली. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘ठेवणं जमणार नाही, रोज आणणं जमंल, तसं करता येईल का?’ पुष्कळांना विचारायचीच लाज वाटते. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करून कुत्र्याची केस घेतात का, ते आधी विचारा.

तोवर घरी काय नाही करायचं, ते जास्त महत्त्वाचं. ओकणाऱ्या पिल्लाच्या नरड्यात बळजबरीनं ताक, चुन्याची निवळी, डाळिंबाच्या सालीचा काढा ओतू नका, ते श्वासात जातं. माणसाची जुलाब बंद करायची गोळी नको, घाण आत कोंडते. तापाच्या आपल्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. दूध नको. उलटी थांबली की मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचं थोडं थोडं, चमचाभर, दिवसातून पाच-सहा वेळा. पूर्वी आम्हीच सांगायचो की उपाशी ठेवा. आता तसं सांगत नाही, लवकर खाऊ घातलेली पिल्लं लवकर सावरतात. आणि वाचलेलं पिल्लू पुढं दोनेक आठवडे विष्ठेतून विषाणू टाकतच असतं, तेवढे दिवस त्याला दुसऱ्या पिल्लांत सोडू नका.

आता भावाचं पिल्लू. तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, आणावं किंवा कधीच आणू नये. मला मधल्या दोन दिसतात. पुढच्या आठवड्यात आणायला माझा साफ विरोध आहे. दीड महिन्याचं पिल्लू, एकही लस नाही, आणि टाकीखालची ती ओली जागा. शेरूला जाऊन तीनच आठवडे झालेत. ते भावाकडेच राहू द्या. लसीचा खर्च तुम्ही द्या, मुलानं तारखा वहीत लिहाव्यात आणि मामाला फोन करून आठवण द्यावी. सोळा आठवड्यांनंतरची लस होऊन दोन आठवडे गेले की आणा, म्हणजे साधारण जूनच्या तोंडावर. तोटा एवढाच की लहानपणीचा लळा थोडा कमी लागतो, तो सुट्टीत मामाकडे राहून भरून निघेल. दुसरी वाट मला जास्त आवडते, पण मुलाला आवडेल का, तुम्ही ठरवा. तुमच्या गल्लीत बीडकडं ऊसतोडीला गेलेल्या घराची मोठी कुत्री बेवारस फिरते असं तुम्ही लिहिलंय. तिचे धनी पाडव्याच्या आसपास परततील, तोवर तिला भाकर द्या. ते आले की विचारा. गावात वाढलेलं मोठं कुत्रं बहुतेक यातून गेलेलं असतं. तरी एक लस द्याच, रेबीजचीही. पिल्लूच हवं, हे आपल्या मनात सिनेमावाल्यांनी भरवलंय असं मला वाटतं. राखणीला आणि मायेला मोठं कुत्रंही तितकंच चालतं.

तक्रारीचं म्हणाल तर, जनावराला विष घालून मारणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात तो येतो. खरा संशय असेल तर त्याच दिवशी, पुरायच्या आधी, पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्यायचं असतं. तीन आठवडे बांधावर पुरलेल्या पिल्लातून आता काही निघणार नाही. हातात उरतं ते काकूंचं रागातलं एक वाक्य. ताई, शेतावरून घरी येईपर्यंत अशी वाक्यं आपण सगळेच दोन-चार बोलतो. त्याच काकूंनी ते बोलल्यानंतर आठवड्यानं त्याला दूध-भाकर घातली, याचा दुसरा अर्थ तुम्ही पत्रात कुठंच लावून बघितला नाही. यजमानांना हे सांगताना ‘तुम्ही चुकलात’ म्हणून सुरुवात करू नका. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, वार मोजून दाखवा, त्यांचं त्यांना ठरवू द्या.

मुलाचं जरा जपून. रोज आईला भेटवायला नेल्यामुळे शेरू गेला, हे त्याला एक दिवस कळेल, शाळेत विज्ञानाचा तास आहेच. ते बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा, आणि याच क्रमानं सांगा: रोग शाळेमागं आधीपासून होता, तो डोळ्याला दिसत नाही, डॉक्टरही त्यात फसतात (माझं गोणपाट सांगा), आणि शेरूला त्याची लस झालेली नव्हती हे घरातल्या कुणा मोठ्यालाही माहीत नव्हतं. शाळेमागं उरलेली पिल्लं असतील तर सरांच्या कानावर घाला, पोरांनी ती घरी नेऊ नयेत.

आणि ओट्यावरचं ते जर्मनचं ताट. टीसीएलच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, घासा, उन्हात वाळवा. थोडं काळं पडेल, पडू द्या. मुलाच्या हातात द्या आणि त्याच्यासोबत तुम्ही काकूंकडे जा. ताट रिकामं नेऊ नका, तूर नवीन आहे, थोडी डाळ घाला त्यात.